शेरा : भाकर

मंगळवार, ११ मार्च

१. आज सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी रुग्णालयाच्या पंपघरातला पंप क्रमांक दोन बंद पडला.
२. कारण : मोटरकडचं बेअरिंग तापून जाम झालं.
३. पंप क्रमांक एक सील बदलण्यासाठी उघडलेला होता. तो जोडून सुरू करेपर्यंत १०:५२ झाले. टाकी साडेआठलाच संपली होती.
४. दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. बाळंतिणींच्या वॉर्डात बादल्यांनी पाणी न्यावं लागलं.
५. पंपचालकाची सकाळी ६:०५ ची नोंद : "प्रा. ३८ अंश." खाली सही.
६. ३८ अंशांवरचं बेअरिंग सत्त्याण्णव मिनिटांत जळत नाही.
७. म्हणजे नोंद खोटी आहे.

हे अहवालासाठी लिहिलं. अधीक्षकांनी २४ तारखेपर्यंत मागितला आहे. सातवा मुद्दा सिद्ध झाला तर चालकाची नोकरी जाईल, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. नोकरीबरोबर पंपघरामागच्या दोन खोल्याही जातील. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने आहेत. निकाल लागेपर्यंत त्यांना पंपघरात पाऊल टाकायला मनाई.

चालकाला इथे सगळे आमेनकाका म्हणतात. रुग्णालय चर्चचं आहे, रोज सकाळी प्रार्थना होते, आणि यांचा आमेन म्हणे तिसऱ्या मजल्यावरच्या पेशंटला जागं करतो. मी चालक म्हणते. मी देखभाल अभियंता म्हणून रुजू झाले त्या दिवशी ते मला "बाळ" म्हणाले होते. आई इथे नर्स होती, तिचं बोट धरून यायचीस तेव्हा एवढीशी होतीस, वगैरे. मी म्हटलं, कामावर मॅडम म्हणा. तेव्हापासून म्हणतात. सात आठवड्यांत एकदाही चुकले नाहीत. इतका नेमकेपणा वहीत का नाही?

बुधवार, १२ मार्च

चालकाचा जबाब घेतला. माझ्या खोलीत, दार उघडं ठेवून. ते बसले नाहीत.

"वहीत 'प्रा.' म्हणजे प्राथमिक तपासणी ना?"

"नाही मॅडम. प्रार्थना."

मी पेन खाली ठेवलं. "यंत्राच्या वहीत प्रार्थना?"

"यंत्राजवळच करतो, म्हणून त्याच्याच वहीत."

"आणि तपासणी कधी करता?"

"तीच ती."

"काल सकाळी काय केलंत? क्रमाने सांगा."

"तुमच्या रेषेबाहेर उभा राहिलो. बंदूक रोखली. अडतीस आलं, अडतीस लिहिलं. मग प्रार्थना केली." वर म्हणाले, "पण मॅडम, रेषेबाहेरून नुसतीच प्रार्थना होते."

शेवटचं वाक्य शब्दशः लिहून त्यावर त्यांची सही घेतली. नुसतीच प्रार्थना होते. याहून स्पष्ट कबुली कोणती असणार?

रेषा म्हणजे मी ४ फेब्रुवारीला लागू केलेल्या तीन सुधारणांपैकी पहिली. (अ) पंपांभोवती पिवळी रेषा, चालू यंत्राला हात लावायचा नाही. (आ) तापमान दुरून मोजायचं, बंदुकीच्या आकाराच्या तापमापकाने. (इ) बेअरिंगची सगळी झाकणं घासून त्यांना चंदेरी रंग. झाकणं कळकट होती, मोटरकडच्यावर तर तळहाताएवढ्या जागेत रंगच उरला नव्हता. आता पंपघर एखाद्या माहितीपत्रकातल्या फोटोसारखं दिसतं. अधीक्षक पाहुण्यांना दाखवायला घेऊन येतात.

शुक्रवार, १४ मार्च

४ फेब्रुवारीपासूनचे आकडे आलेखावर मांडले. ३४, ३४, ३५, ३५, ३५, ३६, असे करत ३८. एकही उडी नाही, एकही दिवस मागे नाही. खरं यंत्र इतकं शहाण्यासारखं वागत नाही. मनाने लिहिलेले आकडेच असे शिस्तीत पायऱ्या चढतात. कॉलेजात प्रयोगाच्या वह्या आम्हीही अशाच भरल्या आहेत.

बंदूक तपासली. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर धरली, माझ्या कपाळावर धरली, भिंतीवर धरली. तिन्ही ठिकाणी बरोबर. म्हणजे दोष बंदुकीत नाही. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय? फेब्रुवारीत हेच गृहस्थ मला म्हणाले होते की हा आकडा काही खरा वाटत नाही.

रविवार, १६ मार्च

आईच्या आग्रहाने चर्चला गेले. तिथे चालक काय करतात ते पाहायचं होतं, हे तिला सांगितलं नाही.

ते दुसऱ्या बाकावर होते, शेजारी त्यांच्या पत्नी, काकू. पाळकांनी विश्वास आणि श्रम यांवर उपदेश केला. म्हणाले, जो नांगर धरत नाही त्याने पिकासाठी गुडघे टेकू नयेत. माना डोलल्या. माझ्यापुढच्या बाईने तर पाळकांनी आपल्या जावेलाच सुनावल्यासारखं वळून जावेकडे पाहिलं.

सगळे हात जोडून उभे राहिले तेव्हा मी चालकाकडे पाहिलं. त्यांचे हात जोडलेले नव्हते. उजवा तळहात पुढच्या बाकाच्या पाठीवर सपाट टेकलेला, बोटं पसरलेली. प्रार्थना संपेपर्यंत तो हलला नाही. लक्ष दुसरीकडे असल्याची खूण म्हणून नोंद करते.

बाबांच्या आजारात आमच्या घरी चाळीस दिवस माणसं हात जोडून बसत होती. शेजारी, नातेवाईक, पाळक. गाठ तपासून घ्या असं त्या चाळीस दिवसांत एकजणही बोलला नाही. चाळिसाव्या दिवशी तपासली. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर मी प्रार्थना म्हटलेली नाही. जोडलेले हात पाहिले की मला आधी हेच दिसतं की ते रिकामे आहेत.

आईशी याबद्दल वाद घालत नाही. ती आजही म्हणाली, "तू कुणाला शोधायला आली होतीस?" नर्सची नजर आहे.

मंगळवार, १८ मार्च

गेल्या दोन वर्षांच्या जुन्या वह्या काढल्या. तेव्हा तापमानाचा रकाना नव्हता. फक्त वेळ, पंप आणि शेरा. आणि शेऱ्यात काय सापडलं? "प. १, प्रा., आमेन." "प. २, प्रा., आमेन." पानंच्या पानं. मधेच : "प. २, प्रा., परीक्षा." मधेच : "प. १, प्रा., भाकर."

भाकर! सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी! म्हणजे हजेरी लावून हे गृहस्थ थेट जेवायला जात होते आणि तसं लिहूनही ठेवत होते. परीक्षा म्हणजे बहुधा त्यांच्या मुलीची. तिला सोडायला जात असतील. ४ फेब्रुवारीनंतर हे शब्द एकदम बंद होतात, नुसतं "प्रा." उरतं. नवा अधिकारी आला, तेव्हा सावध झाले.

अधीक्षकांना वही दाखवली. ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. "आधी पोटोबा म्हणतात ते हेच. मॅडम, बाकी जग म्हणतं प्रयत्नांती परमेश्वर. आमच्या पंपघरात परमेश्वर आधी, मग भाकर, प्रयत्न उरला तर!" मग हसू आवरून म्हणाले, "वाईट वाटतं हो. माझ्या वडिलांच्या काळापासूनचा माणूस. पण लिहा तुम्ही."

शब्दांची मोजणी उद्यापासून. पंप दोनला नवं बेअरिंग बसलं. मीच बसवून घेतलं.

गुरुवार, २० मार्च

बाळंतिणींच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर माझ्या खोलीत आल्या. भेट आधी ठरलेली नव्हती.

"त्या दिवशी माझ्या वॉर्डात बादल्या कोणी वाहिल्या, अहवालात आहे का?"

"'बादल्यांनी पाणी नेलं' असं आहे."

"कोणी नेलं? बादल्या स्वतःच्या पायांनी जिने चढल्या? आमेनकाकांनी नेल्या. एकोणसाठ वर्षांच्या माणसाने. मी मोजत होते, चौतीसपर्यंत मोजल्या, मग एक बाळ आलं म्हणून सोडलं."

"त्याने सकाळची नोंद खरी होत नाही, सिस्टर."

"पोरी, तुझी आई माझ्याबरोबर बारा वर्षं ड्यूटीला होती. तीही अशीच, ताप मोजल्याशिवाय विश्वास नाही. पण थर्मामीटर लावायच्या आधी ती कपाळाला हात लावायची."

हा मुद्दा इथे कसा लागू होतो ते कळलं नाही. त्यांना कोणी पाठवलं असावं. बहुधा काकूंनी, दोघी एकाच भजनमंडळात आहेत. त्या गेल्यावर चौतीस हा आकडा मात्र अहवालात घातला. तो मोजलेला आहे.

शुक्रवार, २१ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मोजणी पूर्ण झाली. दोन वर्षांत पंप दोनच्या शेऱ्यात : आमेन ६१४ वेळा, परीक्षा ७२, भाकर २३, इच्छा ३. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तक्ता करत होते. आई शेंगा सोलत होती. मी स्वतःशीच वरून खाली वाचलं, "आमेन, परीक्षा, भाकर, इच्छा."

आई म्हणाली, "उलटी का म्हणतेस?"

"काय उलटी?"

"प्रभूची प्रार्थना. आधी इच्छा, मग भाकर, मग परीक्षा, शेवटी आमेन. इतकी वर्षं म्हटली नाहीस, आणि आता म्हणतेस ती शेपटाकडून. सैतानाला जेवायला बोलावलंयस का?"

मी कागद फिरवला. खालून वर वाचलं. मग भांडार खात्याची वही आणायला रुग्णालयात परत गेले. सव्वासात वाजले होते, भांडारपाल कुलूप लावत होते. त्यांनी कटकट केली, पण दिली.

"भाकर" लिहिलेल्या तेवीस दिवसांपैकी एकवीस दिवशी भांडारातून ग्रीस नेलेलं आहे. "इच्छा" लिहिलेल्या तिन्ही दिवशी नवं बेअरिंग. सही चालकाची.

योगायोग म्हणायला हे फार जास्त आहे. पण मागाहून जुळवलेलंही असू शकतं. मात्र भांडारपालांच्या सह्या वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या शाईत आहेत, त्या मागाहून केलेल्या वाटत नाहीत. उद्या प्रत्यक्ष पाहीन.

शनिवार, २२ मार्च

सकाळी ६:०५. पंपघरात एकटी. पंप एक चालू.

मी माझीच पिवळी रेषा ओलांडली. मोटरकडच्या बेअरिंगच्या झाकणावर उजवा तळहात सपाट ठेवला आणि प्रार्थना म्हणायला लागले. शब्द आठवतील का अशी शंका होती. आठवले. आधी नुसतं कोमट. इच्छेपाशी ऊब वाढली. भाकरीपाशी चटका जाणवू लागला, पण सोसवत होता. "परीक्षेत" म्हणताना हात आपोआप उचलला गेला.

म्हणजे हे घड्याळ आहे. जितकं बेअरिंग गरम तितका हात लवकर उचलतो, आणि तो कोणत्या शब्दाला उचलला ते शेऱ्यात. हात आमेनपर्यंत टिकला तर सगळं ठीक. परीक्षेला उचलला तर लक्ष ठेवा. भाकरीला उचलला तर ग्रीस. इच्छेलाच उचलला तर बेअरिंग बदला. शिवाय तेवढा वेळ हात तिथे असल्याने थरथरही कळते. बंदुकीला थरथर कळत नाही.

मग बंदूक रोखली. ३५ अंश.

३५ अंशांवर कोणाचा हात भाजत नाही. माझं स्वतःचं अंग ३७ आहे. पुन्हा रोखली. ३५.

तेव्हा कुठे दिसलं. बंदूक वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता वाचते, आणि चकचकीत चंदेरी पृष्ठभाग ती फार कमी बाहेर सोडतो. अशा पृष्ठभागावर आकडा खोटा येतो. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मला त्यात ब्याण्णव गुण होते. मी बंदूक पाण्यावर तपासली, कपाळावर तपासली, भिंतीवर तपासली. ज्याच्यावर ती रोज रोखली जात होती त्या झाकणावर नाही.

झाकणावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून वाट पाहिली. टेपवर रोखली. ५२.

या हिशेबाने ११ तारखेला सकाळी बंदूक ३८ म्हणत होती तेव्हा बेअरिंग साठीच्या वर होतं. पाच आठवडे शिस्तीत पायऱ्या चढत होतं ते बेअरिंगच होतं.

(प्रार्थनेचा वेळ सेकंदांत मोजायचा राहिला. स्टॉपवॉच खिशात होतं. एका हातात वही होती म्हणून काढता आलं नसावं.)

रविवार, २३ मार्च

चर्च सुटल्यावर पंपघरामागच्या खोल्यांकडे गेले. दारापाशी दोन खोकी बांधून ठेवलेली. काकूंनी मला पाहिलं आणि आत निघून गेल्या. काका बाहेर आले.

मी विचारलं, "हाताचं मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं मॅडम. तुम्ही लिहून घेतलंत."

"कधी?"

"रंग दिला त्याच दिवशी. म्हटलं, आकडा खरा वाटत नाही, हात लावू द्या. तुम्ही म्हणालात, कारण सांगा. मला कारण येत नव्हतं, हात येत होता."

"वहीतले शब्द तरी समजावायचे."

"कुणी विचारले? तुमच्या आधीच्या साहेबांना माहीत होते. ते निम्मे दिवस स्वतःच हात लावून जायचे, देव मानत नव्हते तरी. मी त्यांना म्हणायचो, साहेब, तुम्ही नुसतं एक ते तीस मोजा. ते म्हणायचे, नको, मोजताना माझं चित्त भरकटतं, तुझंच बरं आहे." थोडं हसले. मग हसू गेलं. "लोक प्रार्थनेला हात जोडतात, ते चांगलंच आहे. पण जोडलेल्या हातांना बाहेरचं काही लागत नाही मॅडम. मला वाटायचं, देवाशी बोलायचंच आहे, तर ज्याच्यासाठी बोलतोय त्याच्यावर हात ठेवून बोलावं. त्याला कुठे दुखतंय ते आपल्यालाही कळतं."

मी म्हटलं, मी अहवाल बदलते आहे, खोकी सोडा.

"बदला. पण मी रेषेबाहेर उभा राहणार नाही आता. त्या दिवशी माझ्या मनात होतं की काहीतरी बिघडलंय. तरी मी बाहेर उभा राहून आमेन म्हटलं. चाळीस वर्षांत खोटा आमेन तेवढा एकच." आतून काकू खोकल्या. "मुलगी बोलावतेय तिच्याकडे राहायला. बघू."

घरी येऊन फेब्रुवारीची नोंदवही उघडली. ४ तारीख, माझं अक्षर : "चालकाचा आक्षेप : आकडा खरा वाटत नाही. कारण सांगता येत नाही. नोंद घेतली."

आईने विचारलं, जेवतेस का? मी म्हटलं, बाबांच्या वेळी तू गाठीला हात लावला होतास का? तिने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "पहिल्याच दिवशी. मी तपासायला चल म्हटलं, त्यांनीच नको म्हटलं. तुला सांगू नकोस म्हणाले." याची शहानिशा करायला आता कोणी नाही.

सोमवार, २४ मार्च

सकाळी ६:०५. पंप एक. हात भाकरीला उचलला. टेपवर ५५. ग्रीस भरलं. शेरा लिहिला, सही केली.

अहवाल दिला. सातवा मुद्दा असा : "नोंद खरी आहे. आकडा चुकीचा होता. आकडा चुकवणारा रंग, हात लावण्यास मनाई आणि चालकाच्या आक्षेपाकडे दुर्लक्ष, या तिन्हींची जबाबदारी माझी आहे."

अधीक्षकांनी तो दोनदा वाचला. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय, मॅडम. सही करायच्या आधी विचार करा."

"सही केलेली आहे."

माझं प्रकरण शुक्रवारी समितीपुढे जाईल. काकांची मनाई आजच उठवून घेतली, लेखी. मग खालची चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली. आत दिवा होता. ती उचलल्याचा आवाज आला की नाही, पंपांच्या आवाजात कळलं नाही. चिठ्ठीची नक्कल :

"काका,
तुमची मनाई उठली आहे. आदेश सोबत जोडला आहे. चंदेरी रंग खरवडून काढला. पिवळी रेषा ठेवली आहे, पण मोटरच्या बाजूला एका माणसाला आत जाता येईल एवढी पुसली आहे.

पंप एक, मोटरकडचं बेअरिंग. शनिवारी माझा हात परीक्षेपर्यंत टिकला, आज भाकरीपर्यंतच. ग्रीस भरूनही संध्याकाळी तेच. माझा हात कच्चा आहे की बेअरिंग जातं आहे, हे मला आकड्यावरून ठरवता येत नाही. तुमचा हात लागेल. मला म्हणताना चुकत असेल तर तेही सांगा.

तोपर्यंत रोज ६:०५ ला मी बघते आहे. तुम्ही येणार की नाही, ते गुरुवार, २७ मार्चपर्यंत कळवावं."